नाकमास्तर हुंगतात

त्यांचं खरं नाव टपालवाल्याला तेवढं ठाऊक होतं. बाकी साऱ्या इमारतीला ते नाकमास्तर. तीस वर्षं रेडिओ, टीव्ही, पंखे, मिक्सर, जे जे बंद पडेल ते दुरुस्त करण्यात गेली, आणि दुरुस्तीची तऱ्हा अशी की स्क्रू-ड्रायव्हर हातात घेण्याआधी वस्तूजवळ नाक न्यायचं, डोळे मिटायचे आणि दोनदा हुंगायचं. मग निकाल. ‘कॉइल जळालीय.’ ‘कपॅसिटर फुगलाय.’ ‘काही झालेलं नाही, प्लग नीट खोचा.’ निकाल चुकल्याचं कुणाला आठवत नव्हतं. गॅसची शंका आली तरी बाया आधी मास्तरांना हाक मारत, मग गॅसवाल्याला फोन. नाक दिसायला काही खास नव्हतं. बायको चारचौघांत म्हणायची, “बटाटा आहे नुसता. पण कामाला कुत्र्याला लाजवेल.” मास्तर खूश होऊन तो बटाटा चोळायचे.

आता जी गोष्ट कुणाला कळू द्यायची नाही असं मास्तरांनी ठरवलं होतं, ती इथेच सांगून टाकलेली बरी. दोन वर्षांपूर्वी तापाने अंथरूण धरलं तेव्हा त्यांचा वास गेला, तो परत आला नाही. साबण, रॉकेल, चिरलेला कांदा, सगळं सारखंच. म्हणजे काहीच नाही. हे त्यांनी आईला सांगितलं नाही, बायकोला सांगितलं नाही. डॉक्टरला सांगितलं, “हल्ली भूक लागत नाही,” तेवढंच. लोक बोलवत राहिले आणि मास्तर जात राहिले. हुंगल्यासारखं करायचं, तेवढ्या वेळात डोळ्यांना आणि बोटांना काय कळतंय ते कळून घ्यायचं, आणि छातीठोक निकाल द्यायचा. अनुभव दांडगा, दहातले नऊ निकाल बरोबर यायचे. दहाव्याचा विचार करायचा नाही, ही सवय त्यांनी स्वतःला लावून घेतली होती.

दुकान बंद केल्यावर त्यांनी घरातच एक कॉम्प्युटर जोडला. कॅबिनेट एकीकडून, मदरबोर्ड दुसरीकडून, पंखा तिसरीकडून. दिवाणखान्याच्या कोपऱ्यात तो मांडून ते लोकांच्या जुन्या कॅसेटी त्यात उतरवून घ्यायचे. काम सोपं, पण वेळखाऊ: कॅसेट जितका वेळ वाजेल तितका वेळ यंत्र चालू राहायला हवं. भिंतीपलीकडे आईची खोली. तिथे आईच्या उशाशी भिंत झाकणाऱ्या, छताला भिडतील अशा उभ्या लाकडी फळ्या मास्तरांनी हौसेने ठोकल्या होत्या.

त्या दिवशी खालच्या मजल्यावरची शिलाईवाली स्वतः येऊन बसली होती. कॅसेट तिच्या वडिलांची, वडील गेलेले. म्हातारा खणखणीत आवाजात कसलासा प्रसंग सांगत होता, “मी दार उघडलं, आणि बघतो तर...” आणि खट्. पडदा काळा, पंखे गप्प. खोलीतला दिवा मात्र चालू.

“अगंबाई! काय बघितलं बाबांनी?”

“ते कळेल,” मास्तर म्हणाले, “आधी याने काय बघितलं ते बघू.” कॅबिनेटचं झाकण काढलं, डोळे मिटले, दोनदा हुंगलं. “पॉवर सप्लाय गेला.”

“बाई बाई, काय ते नाक!” शिलाईवाली म्हणाली. “माझ्या मीटरच्या पेटीलासुद्धा तुम्ही गेल्या आठवड्यात हुंगून हिरवा कंदील दिलात, म्हणून तर दोन मशिनी बिनधास्त एकदम चालवते. नाहीतर विचित्र वास येत होता, जीव टांगणीला लागला होता माझा.”

मास्तर झाकणाचे स्क्रू मोजत राहिले.

नवा पॉवर सप्लाय बसला. त्या रात्री यंत्र ठीक चाललं. दुसऱ्या दिवशी पावणेअकराला म्हातारा पुन्हा दाराशी आला आणि पुन्हा खट्. शिलाईवाली जिन्यात सगळ्यांना सांगत सुटली की बाबांनाच ते कुणाला कळायला नकोय. मास्तरांना असल्या गोष्टींचा राग यायचा. त्यांचा एक नियम होता: विकत आणलेल्या वस्तूवर संशय आधी, आपल्या हातच्या कामावर सगळ्यात शेवटी. नियमाप्रमाणे त्यांनी मेमरीच्या पट्ट्या काढून खोडरबराने घासल्या, प्रोसेसरवरची वाळलेली पेस्ट खरवडून नवी लावली, ब्रशने धूळ काढली. वहीत वेळ लिहीत गेले. पावणेअकरा. सव्वाचार. पावणेअकरा. चार दहा. यंत्र जणू घड्याळ बघून मरत होतं.

“अहो,” बायको स्वयंपाकघरातून म्हणाली, “मासळीचा वास कुठून येतोय?”

मास्तरांच्या हातातला ब्रश थांबला. तारांवरचं प्लास्टिक तापलं की मासळीसारखा वास सुटतो, हे त्यांनीच कितीजणांना शिकवलं होतं. ते उठले, कोपऱ्यातला सॉकेट उघडून बघितला. आत सगळं स्वच्छ, स्क्रू घट्ट. केवढं तरी हायसं वाटलं.

“शेजाऱ्यांकडे शिजत असेल.”

“शेजारी गावाला गेलेत चार दिवस झाले.”

“मग खालून येत असेल!”

“मलाही येतो रे,” आतून आई म्हणाली. “उशाशीच येतो. परवा तुला हुंगायला नव्हतं का लावलं? तू म्हणालास, उशीची खोळ बदला. बदलली. तरी येतोच आहे.”

“आई, तुझ्या नाकाचं वय झालं आता.”

“आणि तुझ्या?” म्हातारी सहज म्हणाली. मास्तरांनी ब्रश पुन्हा उचलला.

दुपारी त्यांनी कॉम्प्युटरचा प्लग काढला आणि त्याच जागी जुना टेस्ट लॅम्प लावला: एक होल्डर, त्यात शंभरचा बल्ब. दुकानातली ही सगळ्यात जुनी चाचणी. यंत्र खोटं बोलेल, बल्ब बोलत नाही. समोर खुर्ची घेऊन बसले. तीन वाजले, बल्ब ठणठणीत. पावणेचार, ठणठणीत. चारला बायको आत गेली, सासूबाईंशी काहीतरी बोलली. आणि बल्ब पिवळा पडला. आचके दिल्यासारखा थरथरला, पुन्हा पेटला, पुन्हा मंदावला.

“काय लावलंस गं आत्ता?” मास्तर ओरडले.

“हीटर! आईंचे गुडघे शेकायला. रोजच नाही का लावत सकाळ-संध्याकाळ?”

त्या क्षणी मास्तरांना सगळं आठवलं. दिवाणखान्यातल्या कोपऱ्यासाठी वीस वर्षांपूर्वी मीटरपासून नवी वायर ओढायचा कंटाळा केला होता. आईच्या खोलीतल्या वायरला पीळ मारून, टेप गुंडाळून तिथूनच लाइन घेतली होती. तेव्हा पलीकडे एक पंखा आणि एक दिवा. हीटर नंतर आला. असे तीन सांधे, तिन्ही आईच्या उशाशी, तिन्हींवर फळ्या ठोकलेल्या. स्वतःच्या हातचं काम म्हणून संशयितांत त्यांचं नावही नव्हतं.

त्यांनी धावत जाऊन मेन स्विच पाडला. घर गप्प झालं. दोघांनी मिळून आईला खुर्चीसकट दिवाणखान्यात आणलं.

“आता चहा तरी द्याल का, की नुसतं हलवत राहाल?” आई म्हणाली.

फळ्या नऊ होत्या, प्रत्येक वरपासून खालपर्यंत खिळ्यांनी जडलेली. मास्तरांनी तळहात फिरवला. लाकूड जाड, काही सांगेना. सगळ्या उचकटायच्या तर तास जाईल, आणि मागे काय चाललंय कुणास ठाऊक.

“अहो, हुंगा की,” बायको म्हणाली. “वास तर नाकात बसतोय. कुठली ते सांगा, मी पहार देते.”

मास्तर पलंगावर चढले. पहिल्या फळीला नाक लावलं, डोळे मिटले. दुसऱ्या, तिसऱ्या. काहीच नाही. आपला श्वास लाकडावर आपटून परत येतोय, एवढंच कळत होतं. सवयीने तोंडात निकाल तयार झाला होता: ‘चौथी.’ बोट उचललंही गेलं. मग त्यांना उशी दिसली, तिच्या मध्यावर आईच्या डोक्याचा खळगा.

“तू हुंग,” ते म्हणाले.

“मी?”

“मला वास येत नाही. दोन वर्षं झाली.”

बायको त्यांच्याकडे बघत राहिली. मग पलंगावर चढली, गुडघ्यांवर सरकत फळ्या हुंगत गेली आणि सातवीपाशी अशी मागे झाली, जणू कुणी थोबाडीत मारली. “ही.”

उशीच्या वर बरोबर वीतभर. मास्तरांनी पहार घातली. खिळे किंचाळत निघाले. आत टेप वितळून ओघळली होती, तारा उघड्या पडल्या होत्या, आणि फळीची पाठ ताटलीएवढी काळी ठिक्कर. हवा लागताच त्या काळ्या कडेवरून एक तांबडी रेघ हळूच धावली. बायकोने पाण्याचा तांब्या ओतला. चर्र झालं, वाफ आली. ती रेघ विझेपर्यंत तिने तीनदा पाणी आणलं.

मग ती पलंगाच्या कडेला बसली.

“गेल्या महिन्यात गॅसचा वास येतोय म्हणाले होते मी. तुम्ही हुंगून सांगितलंत, काही नाही.”

“हो.”

“मी काडी ओढली.”

“हो.”

“आणि माझ्या करपलेल्या भाजीला दोन वर्षं बरी म्हणत होतात, तेव्हा मला वाटायचं, माणूस सुधारला.” तिचा आवाज विनोदाचा नव्हता. “आणखी कुठेकुठे हुंगून आलात?”

मास्तर आठवू लागले. वरच्यांचा फ्रिज. कोपऱ्यावरच्या शाळेतली पंप-खोली. त्या शाळेत त्यांच्याभोवती पोरं गोल करून उभी होती, मास्तर कसे हुंगतात ते बघायला. आणि...

घरात वीज नव्हती म्हणून इमारतीतले सगळे आवाज स्पष्ट येत होते. खालून शिलाईच्या दोन मशिनी एकदम चालल्याचा आवाज येत होता, घर्र, घर्र, बिनधास्त.

“मीटरची पेटी,” मास्तर म्हणाले. “शिलाईवालीची, खालची.”

दोघंही उठली. “आता कुठे?” आईने विचारलं, उत्तर द्यायला कुणी थांबलं नाही. जिन्यात बायको पुढे, मास्तर कठडा धरून मागे. पहिल्या वळणावर ती थांबली. मान वर केली, एकदा हुंगलं, पुन्हा एकदा हुंगलं.

“काय गं?” मास्तरांनी विचारलं. “येतोय का?”

तिने पदर खोचला आणि एकेक पायरी गाळत ती खाली पळत सुटली.