पंख्यातल्या अक्षता

वडील गेल्यावर त्यांचा लॅपटॉप मी धारहून देवासला आणला. नातवंडं हिंदी शाळेत शिकलेली, मराठी वाचत नाहीत, म्हणून वडिलांनी गोष्टी स्वतः वाचून लॅपटॉपमध्ये आवाज भरून ठेवला होता. पण लॅपटॉप तापायचा आणि बंद पडायचा; आवाज वाक्याच्या मध्येच बुडायचा. एक दिवस तो कायमचाच बुडेल, या भीतीनं मी दुरुस्तीच्या दुकानात गेले.

दुरुस्तीवाल्यानं मागचं झाकण काढलं आणि तो हसला. "दीदी, इसको चावल खिलाते थे क्या?"

पंख्याच्या पात्यांत कुंकवानं लाल झालेल्या अक्षता अडकल्या होत्या. दसऱ्याला वडील पुस्तकांबरोबर लॅपटॉपचीही पूजा करत, आणि अक्षता सढळ हातानं वाहत.

"हर दसरे को, भिया," मी म्हटलं.

त्यानं चिमट्यानं एकेक दाणा माझ्या तळहातावर ठेवला, पंखा साफ केला, आतली चिप गार ठेवणारी नवी पेस्ट लावली आणि एक गोष्ट सुरू केली. बंद पडण्याची वेळ येऊन गेली. आवाज चालतच राहिला, सावकाश, जणू पलीकडच्या खोलीतून. मध्येच वडील खोकले आणि म्हणाले, "अगं, जरा पाणी आण."

मी उठून उभी राहिले होते.