डॉक्टरांनी अर्धी घागर सांगितली

मंडळी, आज दुपारपासून एकटीच हसतेय, म्हणून लिहितेय.

विषाणूचा ताप उतरल्यावर ह्यांच्या हृदयाच्या स्नायूला सूज आली होती. तेव्हाच्या इकोत हृदय कसंबसं हलताना दिसलं आणि वजन उचलणं बंद झालं. इथे चेन्नईत उन्हाळ्यात नळ कोरडे, त्यामुळे गल्लीत येणाऱ्या पाण्याच्या लॉरीवरून, म्हणजे टँकरवरून, घागरी मीच वर घरी नेत होते.

आज पुन्हा इको केला. पडद्यावर तेच हृदय काय जोरात उघडमीट करत होतं! डॉक्टर म्हणाले, "छान आहे. आता हळूहळू सगळं सुरू करा."

ह्यांचा प्रश्न एकच: "घागर उचलू?"

"अर्धी उचला."

घरी आलो तर दारात लॉरी. हे रिक्षातून उतरून थेट नळीपाशी! घागर काठोकाठ भरली. सगळ्यांना कळावं म्हणून मी तमिळमधूनच ओरडले, "डॉक्टरांनी अर्धीच सांगितलीय!"

शेजारच्या मामी तांब्याभर पाण्यासाठी गल्ली डोक्यावर घेणाऱ्या. त्यांनी घागर हिसकावली आणि दुसरं भांडं शोधायलाही न थांबता अर्धं पाणी रस्त्यावर ओतलं. "आता न्या!"

खरं सांगा, चेन्नईच्या उन्हाळ्यात तुमच्यासाठी कुणी पाणी सांडलंय?