सुकाणू धरलेली लक्ष्मी

आमच्या शेजारच्या फ्लॅटमधले पद्माकर भावजी हार्बरफ्रंटला जहाज कंपनीच्या ऑफिसात होते. जिवापाड जपावं असं त्यांच्याकडे एकच, रोमन बादशहा ट्राजनचं सोन्याचं नाणं. एका बाजूला बादशहाचा चेहरा, डोक्यावर पानांची माळ, कडेनं लॅटिन अक्षरं. दुसऱ्या बाजूला बसलेली दैवाची देवी, एका हातात फळांनी भरलेलं शिंग, दुसऱ्या हातात जहाजाचं सुकाणू. त्या सुकाणूसाठीच घेतलं म्हणत. कुणाला दाखवलं तरी कडेनंच धरायला लावत.

त्यांच्या बायको नीताताई दर लक्ष्मीपूजनाला बादशहाला पालथा घालायच्या आणि देवीला हळदकुंकू वाहायच्या. एकोणीसशे वर्षांपूर्वीचा ऐवज आहे तो, असं भावजी दर वर्षी बजावत. "मग इतकी वर्षं बिचारीला कुणी कुंकू लावलं नाही," असं नीताताईंचं उत्तर. पाडव्याला भावजी कापूस आणि कोमट पाणी घेऊन बसत, देवीच्या वस्त्राच्या घड्यांतून कुंकू काढत.

गेल्या पाडव्याला ते राहिलं. त्या सकाळीच नीताताईंना हॉस्पिटलात न्यावं लागलं. पौषात त्या गेल्या.

भावजींना रडताना मी पाहिलं नाही. डबा दिला की घेत, धुऊन परत करत. देवापाशी त्यांच्यासाठी काय मागावं ते मला सुचत नसे. नुसतं निरांजन लावी.

त्यांची लेक क्षिप्रा म्हणाली, नाणं मी जाणकाराकडून साफ करून आणते, डाग राहू देऊ नये हे तुम्हीच शिकवलंत ना बाबा. भावजी हो म्हणाले. हल्ली ते सगळ्यालाच हो म्हणत. रविवारी न्यायचं ठरलं.

लक्ष्मीपूजन त्याआधी आलं. वर्ष सरलं नव्हतं, त्यांच्याकडे सण नव्हता. म्हणून क्षिप्राला घेऊन ते नाणं आमच्या पूजेत ठेवायला आले. ताटात त्यांनी स्वतःच ठेवलं, बादशहा पालथा. घड्यांत लाल रेघा होत्या, सुकाणूपाशी जास्त. माझी बोटं सवयीनं कुंकवात गेली. त्यांनी नाण्यावर आडवा हात धरला.

"वहिनी, नको. त्यावर आहे ते नीताचं आहे."

कुंकवावाचून पूजा मी कधी केली नव्हती. ताटात नाण्याशेजारी अक्षता ठेवल्या. आरती झाली. क्षिप्रानं नाणं कडेनं उचललं, डबीत ठेवलं आणि डबी वडिलांच्या हातात दिली.

"रविवारी नको मग," ती म्हणाली.

भावजींनी डबी खिशात घातली आणि प्रसादासाठी हात पुढे केला.