खेळ माझा, गळा नंदूदादाचा

नंदूदादाकडे कुठलंही रेकॉर्डिंग टाळीशिवाय सुरू व्हायचं नाही. भिसेगावात आमच्या शेजारच्या बिल्डिंगमध्ये तो लग्नाचे व्हिडिओ एडिट करायचा. मी मोबाईलवर गेम खेळते, त्याचे व्हिडिओ टाकू, ही कल्पना त्याचीच. स्क्रीनचं रेकॉर्डिंग वेगळं, माइकचं वेगळं. म्हणून सुरुवातीला गेममधल्या माणसाला उडी मारायला लावायची आणि त्याच क्षणी टाळी वाजवायची. एडिट करताना उडीवर टाळी बसवली की चित्र आणि आवाज जुळले. "टाळी नाय तं मेळ नाय," तो म्हणायचा. माझी टाळी मवाळ पडली की ओरडायचा, "जेवली नायस का गं? परत!"

शिकवलं त्यानेच. पण म्हणून मी त्याचे गोडवे गाईन, असं कुणाला वाटत असेल तर त्याने इथेच थांबावं.

मला एकच हवं होतं. मी खेळताना जे बोलते, ते लोकांनी माझ्या आवाजात ऐकावं. पावसाळाभर आम्ही रेकॉर्डिंग केलं आणि गणपतीत त्याने चॅनेल काढून व्हिडिओ सोडायला सुरुवात केली. हेडफोन लावला आणि मी गारच पडले. खेळ माझा, बोलतोय नंदूदादा! शेवटच्या फेरीत मी किंचाळले होते, "आई गं, मेले! थांबा, अजून जीव आहे!" तेच वाक्य, तीच धाप, हाणामारीशी तंतोतंत जुळवलेली. फक्त 'मेले'चं 'मेलो' केलेलं.

मी तडक त्याच्याकडे गेले. "माझा आवाज कुठाय?"

"पोरीचा आवाज कोण ऐकतंय गं? चॅनेल वाढतोय ना आपला?"

"माझं रेकॉर्डिंग दे."

"डिलीट केलं. जागा खातंय." आणि वर मेल्याने चहा घेणार का विचारलं.

आई म्हणाली, शेजारी आहे, सोड. मी नाही सोडलं. शेलूच्या नव्या सोसायट्यांतली पोरं त्याच्याबरोबर सेल्फी काढायला येऊ लागली, तेव्हा तर माझं डोकंच फिरलं.

मी स्वतःचा चॅनेल काढला. सगळं एकटीने जुळवलं आणि पहिला व्हिडिओ माझ्या आवाजात टाकला. अगदी माझ्या त्या किंचाळीसकट.

खाली पहिलीच कमेंट आली : "ताई, नंदूदादाची नक्कल कशाला करता? स्वतःचं काहीतरी आणा."

मी उत्तर लिहायला घेतलं, तोवर त्याखाली नंदूदादाचंच उत्तर येऊन पडलं : "असू दे रं. शिकतेय पोरगी, सांभाळून घ्या."