माशाच्या पुढचा अध्याय

मोएलागीने देवाशी अबोला धरला होता आणि गावात कुणाला त्याचा पत्ता नव्हता. दर रविवारी ती पांढरा झगा घालून, डोक्यावर गवती टोपी चढवून चर्चमध्ये तिसऱ्या बाकावर बसायची आणि गाण्याच्या वेळी नुसतं तोंड हलवायची. शेजारची बाई एवढ्या जोरात गायची की मोएलागीचा आवाज आहे की नाही, हे देवालाच ठाऊक. आणि त्याला ठाऊक असावं, एवढ्यासाठीच तर ती गप्प होती.

बाई तशी साधीच. चटया विणायच्या, नातवंडं सांभाळायची, सुनेच्या स्वयंपाकाला नावं ठेवायची. पण दक्षिण समुद्रातल्या उष्ण सवाई बेटाच्या त्या किनाऱ्यावर तिचं नाव होतं ते नाटकांमुळे. ऑक्टोबरात पोरांचा रविवार येतो. त्या दिवशी पोरं पांढऱ्या कपड्यांत चर्चमध्ये वचनं म्हणतात, नाटक करतात, आणि घरी आल्यावर मोठी माणसं त्यांना आधी वाढतात. ते नाटक तीस वर्षं मोएलागीने लिहिलं. तिच्या नाटकातला हेरोद राजा सरपंचासारखा खाकरायचा आणि देवदूत गावातल्या बायांसारखे उखाळ्यापाखाळ्या काढायचे. पाळकसाहेब रुमालात तोंड लपवून हसायचे.

नवरा पेनिअमिना तिचा पहिला श्रोता. श्रोता कसला, नुसता वैताग. ती लिहिताना तो सगळं ऐकून ठेवायचा, आणि मग चर्चमध्ये विनोद यायच्या आधीच तिसऱ्या बाकावरून गडगडून हसायचा. पोरं बावचळायची, वाक्य विसरायची. "अहो, वाक्य तरी पडू द्या की तोंडातून," असं मोएलागी दर वर्षी घरी येऊन त्याला झापायची. मग दोघांचं जुंपायचं, आणि पेनिअमिना अंगणातल्या नीरफणसाखाली घराकडे पाठ करून बसायचा. तास जायचा, दोन तास जायचे. भट्टीतल्या अळकुड्यांचा वास सुटला की मान न वळवता म्हणायचा, "मी अजून रागावलेलोच आहे. जेवायला काय केलंयस?"

गेल्या वर्षी ऑगस्टात तो अळूच्या वाफ्यातून डुकरं हाकलायला गेला आणि तिथेच आडवा झाला. दुखणं नाही, खुपणं नाही, निरोप नाही. सगळ्यात लठ्ठ डुकराचं नाव त्याने डीकन ठेवलं होतं, कारण चर्चचा कारभार बघणाऱ्या डीकनसाहेबांसारखं ते दिवसभर डोळे मिटून पडायचं आणि जेवणाच्या वासाला बरोब्बर उठायचं. मोएलागी धावत पोचली तेव्हा डीकन त्याच्या उशाशी उभं राहून निवांत अळू खात होतं. दफनाच्या जेवणाला लोक ते कापायला निघाले तर हिने कापू दिलं नाही.

त्यानंतर तिच्या वहीत एक ओळ उतरली नाही. हसणारा माणूस देवाने नेला आणि हसवायचं काम मात्र हिच्याकडेच ठेवलं, याचा तिला भयंकर राग होता. त्या वर्षी पाळकीणबाईंनी ऑकलंडच्या बहिणीकडून तयार नाटक मागवलं. त्यात बर्फ पडत होता. सवाईवर बर्फ. पोरांनी खोबऱ्याचा कीस उधळला, आणि पुढच्या बाकांवरच्या म्हाताऱ्यांनी नाटक संपायच्या आत तो उचलून खाल्ला.

यंदा तीन आठवडे उरले असताना पाळकीणबाई अंगणात येऊन उभ्या राहिल्या. "मोएलागीबाई, यंदा तरी लिहिताय ना? नाहीतर बहिणीने पेंग्विनवालं पाठवलंय."

"लिहितेय की. अर्धं झालंय," मोएलागीने बेधडक ठोकून दिलं. वही कोरी होती.

घरात रोज संध्याकाळी शंख वाजला की प्रार्थनेला बसायचं आणि शास्त्रातला एक अध्याय आळीपाळीने वाचायचा, प्रत्येकाने एक वचन. आरंभापासून ओळीने, काही गाळायचं नाही, हा पेनिअमिनाचा नियम. पण वर्षभर आपली पाळी आली की मोएलागी म्हणायची, "चष्मा सापडत नाही बाई," आणि नऊ वर्षांची नात इआनेता तिचं वचन वाचून टाकायची.

त्या संध्याकाळी इआनेताने चष्मा आजीच्या मांडीवर आणून ठेवला. "कोकोच्या डब्यात होता, आजी. तळाशी."

सून फुआतिनो चटईकडे बघत राहिली. हसू दाबत होती मेली. मोएलागीने चष्मा लावला.

माशाने गिळलेल्या त्या संदेष्ट्याचा शेवटचा अध्याय चालला होता. मोएलागीने त्याच्यावर तीन नाटकं लिहिली होती, आणि तिन्ही मासा त्याला किनाऱ्यावर ओकतो तिथेच संपली होती. पोरांना ओकायला फार आवडायचं. त्याच्या पुढे काय होतं, याकडे तिने कधी नीट लक्षच दिलं नव्हतं. पुढे हा बाबा चक्क रुसून गावाबाहेर बसतो. ज्या शहराचं वाटोळं होणार म्हणून याने दवंडी पिटली, त्याला देवाने माफ केलं म्हणून. सावलीला एक वेल उगवतो, तो वाळतो, मग आणखीच राग. देव विचारतो, हा राग बरा का रे? नेमकं त्याचं उत्तर मोएलागीच्या वाट्याला आलं. बराच आहे, मरेस्तोवर रागावणार.

तिने ते वाचलं आणि ओळीवर बोट ठेवून पुन्हा वाचलं. देवाला तोंडावर असं सुनावता येतं, आणि तो वीज पाडत नाही, वाद घालत बसतो, हे तिला आजच कळत होतं. इआनेताने शेवटचं वचन वाचलं. तिथे देव म्हणतो, तुला एका वेलाचं एवढं वाईट वाटतं, मग मला या शहराची दया येऊ नये? एवढ्या माणसांची, आणि एवढ्या गुराढोरांची?

"मग तो काय म्हणाला?" मोएलागीने विचारलं.

"काहीच नाही. संपलं. पुढे दुसराच संदेष्टा आहे," इआनेता पान उलटून म्हणाली.

"गुराढोरांवर संपलं?" मोएलागीला डीकन आठवलं, आणि ती हसायला लागली. ऐन प्रार्थनेत पोट धरून हसली, आणि हसता हसता ढसाढसा रडली.

"आई, अहो, लोक ऐकतील," फुआतिनो कुजबुजली. लोकांनी ऐकलंच होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळपासून मोएलागी नीरफणसाखाली वही घेऊन बसली. राग गेला नव्हता. पण अबोला सुटला होता, आणि एकदा बोलणं सुरू झालं की ही बाई कुणाला ऐकते. चार दिवसांत नाटक झालं, फक्त शेवटचं वाक्य सोडून. संदेष्टा इआनेता होती. "आजी, देव विचारतो आणि मी नुसती उभी राहू? मला वाक्य दे."

"शास्त्रात नाही."

"मग तू लिही ना."

आठवडाभर ते वाक्य सापडेना. मग एका दुपारी, सुनेची भट्टी पेटलेली असताना, वास आला आणि सापडलं.

पाळकीणबाईंनी वही वाचली. "देव डुकरांबद्दल बोलतो?"

"तिकडे गुरं होती. आपल्याकडे डुकरं आहेत."

"आणि हे शेवटचं... देवाला असं बोलतात का?"

"आमच्या घरात बोलतात," मोएलागी म्हणाली. पाळकीणबाईंनी वही मिटली आणि पेंग्विन रद्द केले.

पोरांच्या रविवारी चर्च खचाखच भरलं. इआनेता नारळाच्या काथ्याची दाढी लावून, सगळ्या मंडळींकडे पाठ करून, फतकल मारून बसली होती. पडद्याआडून देवाने माणसांबद्दल विचारलं, मग डुकरांबद्दल विचारलं. संदेष्ट्याने दाढी खाजवली.

आणि तिसऱ्या बाकावरून कुणीतरी गडगडून हसलं. वाक्य अजून यायचं होतं. सगळ्यांच्या माना वळल्या. मोएलागी दोन्ही हातांनी तोंड दाबत होती, पण हसू काही थांबत नव्हतं.

इआनेताने दाढी बाजूला करून मागे पाहिलं. "आजी, थांब ना. वाक्य तरी पडू दे."

मग तिने पुन्हा पाठ फिरवली आणि घसा खाकरून म्हणाली, "मी अजून रागावलेलोच आहे. जेवायला काय केलंयस?"