मावशीला कोणी नाही, हे सिद्ध करताना

आमच्या घरात दुःखाची गोष्टसुद्धा मीच सांगायची, असा अलिखित नियम आहे. मी सांगितली की माणसं रडता रडता हसतात, म्हणे. मावशीची गोष्ट मात्र मी सांगायला बसते आणि मध्येच पाणी प्यायला उठते.

मावशी म्हणजे आईची थोरली बहीण. भोसरीच्या पलीकडच्या गावात दिलेली. नवरा लवकर गेला, मूलबाळ नाही, आणि जमीन होती ती कारखान्यांच्या कुंपणात गेली. एकोणीसशे ऐंशीच्या सुमाराला तिचं डावं अंग वाऱ्याने गेलं. मी तिला चिंचवडला आणलं. आमची एक खोली, तिसरा मजला, संडास खाली. माझा नवरा आणि मी तिला खुर्चीत बसवून उतरवायचो. नवरा रात्रपाळी करून पेंगुळलेला, माझी कंबर कायमची रजेवर. एकदा खुर्चीसकट आम्ही तिघंही जिन्यात बसलो. मावशी म्हणाली, "पोरी, वरात लई झोकात निघाली. आता मला गावाला नेऊन घाल." ऐकेचना. शेवटी नेली.

आळीतल्या बाया भाकरी द्यायच्या. पण भाकरीच्या पलीकडचंही असतं ना! लघवीचं भांडं द्यायचं, ते धुवायचं, कूस बदलायची. तेही शेजारच्या सुना करायच्या, आणि त्या वेळी मावशी भिंतीकडे तोंड करून पडायची.

तेवढ्यात कळलं, की निराधार म्हाताऱ्यांसाठी सरकारी खर्चाने चालणारं एक घर आहे. खाट, औषधपाणी आणि सगळं करायला आया. मला वाटलं, मावशी भडकेल. तर तिचा चेहराच उजळला.

"आयाला पगार असतो न्हवं? मग बरं. पगारी माणसाकडं भांडं मागायला लाज न्हाई वाटत."

अट एकच, माणूस खरोखर निराधार हवं. लग्न झालेली भाची त्यांच्या लेखी आधार नव्हती. ते ऐकून मला जरा लागलं, आणि जरा हायसंही वाटलं. तिथले साहेब गावात येऊन चौकशी करणार होते, शेजाऱ्यांना विचारणार होते.

त्या दिवशी मी सगळ्यात विटकी साडी नेसून गेले. चेहराही साडीला शोभेलसा केला. मावशीला म्हटलं, "तूही जरा केविलवाणी दिस."

"आनखी किती दिसू गं?"

पण आळीला हे कोण सांगणार? साहेब येणार म्हटल्यावर त्यांनी मावशीचं अंगण सारवलं, तिला ठेवणीतलं लुगडं नेसवलं, पोहे केले. साहेब एसटीने आले, घामाघूम. माणूस भला होता. उंबऱ्यात उभं राहून त्यांनी विचारलं, "ह्यांना बघणारं कोणी नाही ना?"

शेजारचा कर्ता पुरुष पाळी बुडवून थांबला होता. तो एकदम पुढे आला. "म्हंजे? आमी काय मेलो का साहेब?"

"सकाळची भाकर माझी, सांजची हिच्या घरची," त्याची बायको म्हणाली. "ईचारा की!"

मागून एक म्हातारा म्हणाला, "आमच्या आळीत निराधार माणूस? उद्या पोरांच्या सोयरिकी जमायच्या न्हाईत, राव!"

सगळे हसले. मी डोळे मोठे करून खुणा करत होते. एका सुनेला वाटलं मला भोवळ आली. तिने धावत पाणी आणून दिलं.

साहेब घुटमळले. त्यांना खाट द्यायचीच होती, असं मला आजही वाटतं. ते मावशीजवळ वाकले. "आजी, तुम्हीच सांगा. आहे का तुम्हाला कोणी?"

दार माणसांनी भरलं होतं. मावशीने एकेकाकडे पाहिलं. "हायेत की," ती म्हणाली. "ही समदी माझीच हायेत."

साहेबांनी पोहे खाल्ले, कागदावर 'निराधार नाही' असं लिहिलं आणि ते गेले. माणसं पांगल्यावर मी तिच्यावर ओरडलेच. "नाही म्हणायचं होतंस ना!"

"ज्यांनी माझं भांडं धुतलं, त्यांच्या तोंडावर कसं म्हणू बये, मला कुनी न्हाई म्हणून?"

आळी खोटं बोलली नव्हती. भाकर कधी चुकली नाही. पण भोंगा झाला की पुरुष कंपनीत, बाया रोजावर, आणि मावशी लोटलेल्या दाराआड एकटी. त्याच उन्हाळ्यात ती गेली. मयताला अख्खी आळी होती, कोणी कामावर गेलं नाही.

मला मात्र त्याआधीचा रविवार आठवतो. उशाशी तांब्या काठोकाठ भरलेला, आणि तिच्या ओठांना चिरा. शेजारची सून हळूच म्हणाली, "पानीच घेत न्हाईत. प्यालं की कुनालातरी हाक मारावी लागती, म्हनत्यात."

मी तांब्या तिच्या तोंडाला लावला. तिने घोटभर घेतलं आणि चांगल्या हाताने तो बाजूला सारला.

"तुझी यष्टी कितीला हाय?"

"साडेपाचला."

तिने दारातल्या उन्हाकडे पाहिलं, साडेपाचला किती वेळ आहे त्याचा मनाशी हिशेब केला.

"मग आनखी एक घोट दे."