डबीतलं सोनं

लग्न होऊन धरमपेठेतल्या या घरात आले, तेव्हा पहिल्याच रविवारी सासऱ्यांनी मला सोनं दाखवलं. मी हरखले. नव्या सुनेला दागिना मिळणार म्हणून पदर सावरून पुढे सरकले, तर त्यांनी माझ्या हातात पांढरे सुती हातमोजे दिले. मखमलीच्या पेटीत सोन्याची नाणी होती, प्रत्येक नाणं प्लास्टिकच्या पारदर्शक गोल डबीत बंद. कुण्या राणीच्या राज्याभिषेकाचं, कुण्या देशाच्या स्वातंत्र्याचं, एक तर कुठल्याशा बेटावरच्या कासवाचं. ही बाजारात चालवायची नाणी नव्हेत, घटनांची आठवण म्हणून काढलेली स्मारक नाणी, असं त्यांनी समजावून सांगितलं. सांगता सांगता माझा चहा गार झाला. मामाजी, म्हणजे माझे सासरे, निवृत्त इतिहासशिक्षक. घंटा वाजल्याशिवाय थांबायची त्यांना सवय नाही, आणि आमच्या घरात घंटा नाही.

सासूबाईंचं या छंदाबद्दलचं मत एका वाक्यात मावायचं. "नाणं हाय तं चालत नाई, सोनं हाय तं घालता येत नाई." मास्तरांच्या पगारातून जे काही उरायचं ते त्या पेटीत जायचं. सासूबाईंच्या गळ्यात जन्मभर काळ्या मण्यांची पोत. त्या कुरकुरल्या कधी नाहीत, फक्त मामाजी पेटी उघडून बसले की मुद्दाम खमंग फोडणी द्यायच्या. पाहुणे शिंकून शिंकून उठायचे.

पेटीतलं एक नाणं मात्र मामाजींचा जीव होता. एका बाजूला धम्मचक्र, दुसऱ्या बाजूला पिंपळपान. छप्पन सालच्या नागपूरच्या दीक्षेच्या स्मरणार्थ कुण्या खासगी टांकसाळीनं काढलेलं. त्यावर मामाजींचं व्याख्यान सर्वांत लांब. ते मध्यावर आलं की सासूबाई स्वयंपाकघरातून ओरडायच्या, "मी होती ना तिथं!"

"तू सहा महिन्याची होती वं. तुले काय आठवते?"

"अन् तुम्ही तं नव्हतेच!"

हे खरं होतं. मामाजींच्या गावानं दीक्षा घेतली ती नंतर. पण हा मुद्दा त्यांच्या व्याख्यानात बसत नव्हता, म्हणून ते पुढच्या नाण्याकडे वळायचे.

मागच्या मे महिन्यात काटोलला सासूबाईंच्या भाच्याचं लग्न निघालं. भाजी निवडता निवडता त्या मला हळूच म्हणाल्या, "मले ते नाणं घालून जायचं हाय." मी हसले. मग पाहिलं तर त्या हसत नव्हत्या. सत्तरीला टेकलेली बाई, आणि डोळे मात्र जत्रेतल्या पोरीचे.

पेटीची किल्ली मामाजींच्या पायजम्याच्या नाडीला. ती फक्त आंघोळीपुरती खुंटीवर यायची. निघायच्या सकाळी मामाजी न्हाणीघरात शिरल्याबरोबर मी पेटी उघडली आणि नाणं काढलं. रिकामी जागा डोळ्यात भरू नये म्हणून तिथे माझ्या लेकीला वाढदिवसाला मिळालेलं सोनेरी कागदातलं चॉकलेटचं नाणं बसवलं. लांबून अगदी बेमालूम. जवळून पाहायला मामाजींना चष्मा लागतो, आणि चष्मा मी फ्रिजवर ठेवला होता.

सासूबाईंनी क्रोशानं एक जाळीची पिशवी विणून ठेवली होती. मी डबी उघडायला गेले, तर त्यांनी माझा हात धरला. "काढू नको वं बाई! हाताचा घाम लागते म्हणते त्याले." इतक्या वर्षांचं प्रवचन कुठेतरी मुरलंच होतं. शेवटी डबीसकट नाणं जाळीत गेलं आणि काळ्या गोफात ओवून सासूबाईंच्या गळ्यात आलं. मामाजी दुसऱ्या दिवशी येणार होते. आम्ही दोघी पुढे गेलो.

हळदीला बायकांचा घोळका जमला. "हे काय वं, गळ्यात घड्याळ?" "शुगर मोजायची मशीन असन!" सासूबाई सगळं ऐकून घेत होत्या आणि मान आणखी ताठ करत होत्या.

लग्नाच्या सकाळी तिकडे नागपुरात मुंग्यांनी घात केला. मे महिन्याच्या उन्हाळ्यात चॉकलेट मखमलीवर पसरलं आणि मुंग्यांच्या रांगेनं मामाजींना थेट पेटीपर्यंत नेलं. मामाजी काटोलच्या बसमधून उतरले ते लालबुंद होऊन. मी सरळ मांडवातल्या कूलरच्या मागे दडले. सुनेचं शौर्य तेवढंच.

सासूबाई मांडवात बायकांच्या मधोमध बसून सांगत होत्या, "हे त्या दिवसाचं हाय, माय. इथून आमचे सारे लोक नागपूरले गेले. पांढरं लुगडं पाहिजे होतं. आईनं गळ्यातले सोन्याचे मणी विकले, तेवढेच होते तिच्यापाशी. लुगडं घेतलं, अन् मले त्याच्यात गुंडाळून घेऊन गेली. मंग तिच्या गळ्यात सोनं काही चढलं नाई. पण कधी इचारलं तं म्हणे, त्या मण्याहून चांगलं घेऊन आली मी." मग थांबून म्हणाल्या, "मले वाटलं, तिच्यासाठी घालून घ्यावं एक दिवस."

मामाजी मागे उभे होते. त्यांच्या चेहऱ्यावरचा राग उतरला होता. मला कूलरच्या मागे रडू फुटलं.

"तू मले काहून नाई सांगितलं हे?" मामाजी म्हणाले.

सासूबाईंचा हात एकदम गळ्याशी गेला. पण जीभ जागेवर होती. "तुम्ही थांबत होते कुठी?"

बाया फिदीफिदी हसल्या. एक म्हातारी पुढे वाकून म्हणाली, "पण दिसून नाई राहिलं काही. नुसतं प्लास्टिकच चमकते."

मामाजींनी हात पुढे केला. सासूबाईंनी निमूट गोफ काढून दिला. मला वाटलं, संपलं. मामाजींनी जाळीतून डबी काढली, दोन्ही अंगठ्यांनी दाबली आणि कट्कन उघडली. हातमोजे नव्हते. नाणं त्यांच्या उघड्या तळहातावर पडलं आणि ते बराच वेळ त्याच्याकडे पाहत राहिले. तेव्हा माझ्या लक्षात आलं की त्यांनीही ते असं कधीच धरलं नव्हतं. मग नुसतं नाणं जाळीत घालून त्यांनी गोफ सासूबाईंच्या गळ्यात टाकला आणि मागे गाठ मारत बसले. गाठ काही जमेना. बायकांनी भर मांडवात चेष्टा आरंभली, तरी ते हटले नाहीत.

पंगतीत सासूबाई उजव्या हातानं जेवत होत्या. डाव्या हाताची मूठ गळ्याशी, नाण्यावर घट्ट. ती काही केल्या सुटेना, म्हणून पाण्याचा ग्लास मामाजींनी त्यांच्या ओठांशी धरला.